दर वाढला, दिवस घटले

जानेवारी आणि जुलै हे आमच्या धंद्याचे दोन हंगाम. राज्याच्या कामगार आयुक्तांकडून सहा महिन्यांच्या विशेष भत्त्याचे आकडे जाहीर होतात आणि अंबड-सातपूरच्या ठेकेदारांचे फोन सुरू होतात. "ताई, नवे दर आले का?" पाठोपाठ, "कितीने वाढले?" तिसरा प्रश्न फोनवर सहसा कोणी विचारत नाही. तो ऑफिसात येऊन, खुर्ची पुढे ओढून, आवाज उतरवून विचारला जातो. "मग आता दिवस किती दाखवायचे?"

मी नाशिकच्या एका लेबर कन्सल्टंटकडे नोकरी करते. कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या ठेकेदारांची मस्टर, वेतनपत्रकं, पीएफ-ईएसआयची चलनं, परवान्याचं नूतनीकरण हे सगळं आमच्याकडे होतं. एमआयडीसीत आम्हाला 'चलनवाले' म्हणतात. किमान वेतन किती असावं यावर मुंबईत जी चर्चा होते, तिचं पुढे काय होतं ते आमच्या टेबलावर दिसतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी हा दर बनतो कसा ते सांगते, कारण ज्यांच्यासाठी तो आहे त्यांतल्या फार थोड्यांना ते ठाऊक असतं. किमान वेतनाचे दोन भाग. एक मूळ वेतन, दुसरा विशेष भत्ता. भत्ता महागाईच्या निर्देशांकाला बांधलेला आहे, त्यामुळे तो वर्षातून दोनदा बिनबोभाट बदलतो. मूळ वेतन मात्र सरकारने ठरवायचं. त्यासाठी मसुदा काढायचा, हरकती मागवायच्या, सल्लागार मंडळापुढे ठेवायचा आणि मग अंतिम अधिसूचना काढायची. १९४८ च्या कायद्याने हे काम जास्तीत जास्त पाच वर्षांत एकदा व्हायला हवं होतं. महाराष्ट्रात त्या कायद्याच्या अनुसूचीत ६७ उद्योग, त्यांचे दर वेगवेगळे. प्रत्येकात कुशल, अर्धकुशल, अकुशल आणि पुन्हा परिमंडळं. महापालिकेच्या हद्दीत बहुतेक उद्योगांना पहिलं परिमंडळ लागतं, गावाकडे तिसरं. त्यामुळे अंबडला घट्ट केलेल्या नटाची मजुरी एक आणि सिन्नरच्या पुढे घट्ट केलेल्या त्याच नटाची दुसरी.

पाच वर्षांचा नियम कसा पाळला जातो त्याचा एकच दाखला देते. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांचं मूळ वेतन २०१० मध्ये सुधारलं होतं. त्यानंतरची सुधारणा आली जुलै २०१९ मध्ये. ऑक्टोबर २०१९ मध्ये विधानसभेची निवडणूक होती. मी एवढंच म्हणेन की, सरकारला गरज असते तेव्हा कागद हलतो. अकुशल कामगाराचं पहिल्या परिमंडळातलं मूळ वेतन त्या वेळी १०,०२१ रुपये झालं. आकडा मोठा दिसला, पण नऊ वर्षांत साचलेला भत्ता त्यातच मिसळला होता. वर्तमानपत्रात 'दुप्पट वाढ' छापून आली की आमच्याकडे येणारे कामगार विचारायचे, दुप्पट कुठे आहे? वाढ होती, दुप्पट नव्हती.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते.

समजायला सोपा जावा म्हणून दर ५०० रुपये रोज धरा. महिन्याचे २६ दिवस म्हणजे १३,००० रुपये. ठेकेदाराने हेल्परशी तोंडी ठरवलेत दहा हजार. कमी दर लिहिला तर कायदा मोडतो, म्हणून दर तो ५०० च लिहितो आणि हजेरी लिहितो २० दिवसांची. दहा हजार झाले. पीएफ दहा हजारांवर, ईएसआय दहा हजारांवर, बँकेत जमा दहा हजार. कागद इतका स्वच्छ की तपासणाऱ्याला बोट ठेवायला जागा नाही. माणूस मात्र २६ दिवस येऊन गेलेला असतो. उरलेले सहा दिवस तो कागदोपत्री घरी बसलेला असतो.

आता सरकारने दर ५५० केला. दहा हजार भागिले ५५०, म्हणजे अठरा दिवस आणि वर थोडं. ठेकेदार हजेरी १८ वर आणतो. कामगाराच्या हातात एक रुपया जास्त येत नाही, वर त्याच्या नावावरचे कामाचे दिवस दोनने कमी होतात. बाहेर मोर्चा, सभागृहात निवेदन, पेपरात मथळा, आणि आमच्या एक्सेलच्या एका रकान्यात वीसचे अठरा. सगळेच ठेकेदार असं करतात असं नाही. पण जे करतात त्यांची पद्धत हीच. काही जण याच्या पुढे जातात. पूर्ण पगार बँकेत टाकतात आणि कामगारांची एटीएम कार्डं स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात.

यात सगळ्यात जास्त मार बायकांना बसतो. ईएसआयचा आजारपणाचा लाभ हवा असेल तर सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान लागतं. म्हणजे महिन्याला सरासरी तेरा दिवस. पॅकिंगमधली एक बाई धरा. घरचं दुखणंखुपणं, गावाकडची लावणी, सणवार जाऊन तिचे महिन्याला अठरा दिवस भरतात. तिला हातात ३६० रुपये रोज, म्हणजे ६,४८०. कागदावर ५०० दराने तेरा दिवस होतात. सहा महिन्यांचे बरोबर ७८. दर ५५० झाला की तेच पैसे बारा दिवसांत बसतात. सहा महिन्यांचे ७२. मग टायफॉइड झाला तर सत्तर टक्के पगाराने मिळणारी रजा तिला मिळत नाही. 'आपका अंशदान कम है' असं खिडकीवरून सांगितलं की ती सरकारला शिव्या देत परत फिरते. तिचं नुकसान किमान वेतन वाढल्यामुळे झालं हे तिला कधीच कळत नाही, आणि ज्यांनी वाढवलं त्यांना तर नाहीच नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, मग दर वाढवूच नका. कारखानदारांच्या बैठकांत हा युक्तिवाद मी ऐकलेला आहे. तो खोटा आहे. चोरी होते म्हणून पगार गोठवायचा, हा न्याय उलटा झाला.

दिवस खायची ही युक्ती एमआयडीसीने शोधलेली नाही. माझी आई सिन्नरला बिड्या वळायची. त्या वेळी सिन्नरच्या गल्लीगल्लीत सुपं मांडीवर घेतलेल्या बायका दिसायच्या. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या फर्म्यावर कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, पंचवीसच्या जुड्या करायच्या. मजुरी हजारावर. मजुरीचा दर सरकार ठरवायचं, आणि तो वाढला की बायका खूश व्हायच्या. मग पुढच्या आठवड्यात कारखान्यातून येणारं पान हलकं यायचं. हजार बिड्यांचं म्हणून दिलेल्या पानात नऊशेच व्हायच्या. उरलेल्या शंभरांसाठी पान बाजारातून स्वतःच्या पैशाने आणायचं. आणि माल द्यायला गेलं की छाट. वाकडी आहे, सैल आहे, पान काळं आहे, म्हणून मूठ मूठ बिड्या बाजूला. त्यांचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत. आई म्हणायची, "दर वाढवायचा तर वाढवा, पण आधी तराजू बदला." तिला कायद्याचं कलम माहीत नव्हतं. बिडीचा धंदा मात्र किमान वेतन कायद्याच्या अगदी पहिल्या अनुसूचीत होता. या कायद्याचं विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलं ते तेव्हाचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. म्हणजे माझी आई आणि तिच्यासारख्या बायका या कायद्याच्या मूळ मानकरी.

दर किती असावा याचं उत्तर सापडत नाही असंही नाही. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने हिशेब घालून दिला होता : माणशी २,७०० उष्मांकांचं अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, इंधन-दिवाबत्ती. सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेटच्या खटल्यात त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के घालायला सांगितलं. २०१९ मध्ये अनुप सत्पथी समितीने देशासाठी रोजचे ३७५ रुपये सुचवले. केंद्राने राष्ट्रीय तळदर ठरवला तो १७८ रुपयांचा. त्याआधी २०१७ पासून तो १७६ होता. दोन रुपयांत नाशिकला कटिंग चहासुद्धा येत नव्हता. कामगार संघटनांची मागणी आता महिना २६,००० रुपयांची आहे. ९ जुलै २०२५ च्या देशव्यापी संपातही ती होती. मला ती अवास्तव वाटत नाही. नाशिकच्या सिडकोत एका खोलीचं भाडं, एक मूल शाळेत आणि घरात एक म्हातारं माणूस असं धरून कोणीही वहीवर मांडून पाहावं.

आमच्या चलनांतली आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. महिन्याला दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाकडून राज्य सरकार व्यवसाय कर घेतं. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. किमान वेतनावरचा हेल्परही तो भरतो आणि कारखान्याचा जनरल मॅनेजरही तेवढाच भरतो. बायकांना एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत सूट मिळाली, ते चांगलं झालं. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. सुरगाण्याच्या मजुराचं काम सातपूरच्या मजुराच्या पैशातून, अशी ती कल्पना. मला ती आवडते. जनरल मॅनेजरला थोडं जास्त लावलं असतं तर अजून आवडली असती.

२०२४ ची विधानसभा निवडणूक मी सिडकोतून पाहिली. हा भाग कामगारांचा, घराघरातून कोणी ना कोणी शिफ्टला जातं. जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेत बायकांना महिना दीड हजार सुरू झाले होते. महायुतीने एकवीसशे देऊ म्हटलं, महाविकास आघाडीने तीन हजार. मी ज्या सभा ऐकल्या त्यांत हेच आकडे होते. किमान वेतनाचा आकडा एकाही वक्त्याच्या तोंडी आला नाही. मी दीड हजारांची टिंगल करणाऱ्यांतली नाही. आमच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मावशींनी त्यातून गॅसची टाकी भरली आणि उरलेल्या पैशात नातीचा गणवेश घेतला. पण हिशेबाची सवय जात नाही. रोजचा दर ५८ रुपयांनी वाढला तर २६ दिवसांत १,५०८ रुपये होतात. म्हणजे एक लाडकी बहीण, आणि तिजोरीतून जवळजवळ काहीच न जाता. आणि कागदावर खाल्ले गेलेले ते सहा दिवस ५०० च्या दराने बरोबर तीन हजारांचे. आघाडीने देऊ केलेली रक्कम बायकांनी आधीच कमावलेली होती. ती फक्त मस्टरवर चढायची राहिली होती.

तरी कोणत्याही पक्षाला यात रस का नसतो? माझ्यापुरतं उत्तर असं : दीड हजार दिले की देणाऱ्याचा फोटो लागतो. किमान वेतन मिळालं तर कामगाराला ते आपल्या कष्टाचं वाटतं, आणि ते तसंच असतं. आभार मानायला कोणी उरत नाही. शिवाय सरकार स्वतः मोठा मालक आहे. निविदा सगळ्यात कमी दराच्या ठेकेदाराला द्यायची आणि तो कमी दर कुठून आला हे विचारायचं नाही, ही पद्धत सरकारी कार्यालयांतही आहे. अंगणवाडी सेविकांना सरकार मानधन देतं. वेतन म्हटलं की कायदा लागेल. डिसेंबर २०२३ पासून त्या ५२ दिवस संपावर होत्या, तेव्हा नाशिकच्या मोर्चात मला माझ्या शाळेतली मैत्रीण दिसली. तिच्या हातातल्या फलकावर किमान वेतनाचीच मागणी होती.

मालकांची बाजू मी रोज ऐकते आणि ती सगळी बनाव नसते. अंबडला दोन लेथ आणि एक मिलिंग टाकून बसलेला माणूस आमच्याकडे येतो. तो म्हणतो, "मॅडम, मला पार्टमागे जो दर मिळतो तो तीन वर्षांत पैशाने वाढला नाही. विजेचं बिल वाढलं, स्टील वाढलं. बिल नव्वद दिवसांनी निघतं. मी कुठून देऊ?" लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. अलीकडे त्याला आयकराचा चापही बसला. पण मोठ्या कंपनीवर दावा लावणारा व्हेंडर पुढच्या ऑर्डरला मुकतो, हे नाशिकच्या पोरालाही कळतं. त्याची अडचण खरी. पण ती वसूल कोणाकडून होते? साखळीत त्याच्याही खाली जो उभा आहे, त्याच्याकडून.

यात भरडला जातो तो नियम पाळणारा ठेकेदार. आमच्याकडे असा एक जण होता. कोटेशन देताना पूर्ण दर, पूर्ण दिवस, दुप्पट दराने ओव्हरटाइम, बोनस, रजेचा पगार, सगळं लावून रक्कम काढायचा. एका कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलं, आणि एका मार्चमध्ये त्याचं काम गेलं. नव्या ठेकेदाराचा दर जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होता. कंपनीच्या एचआरला तो दर कुठून आला हे कळलं नसेल असं मी मानत नाही. त्याच कंपनीच्या गेटवर चेहरा ओळखणारं मशीन आहे. प्रत्येक ठेकेदारी कामगाराची ये-जा त्यात नोंदली जाते, सुरक्षेसाठी. मशीन म्हणतं २६ दिवस, मस्टर म्हणतं २०. दोन्ही नोंदी एकाच इमारतीत, दोन टेबलांवर. त्या शेजारी ठेवून पाहायला कोणी सांगत नाही. मला विचाराल तर, किमान वेतनाची निम्मी अंमलबजावणी एवढ्या एका कामात होईल.

याच जिल्ह्यात सरकारी दराकडे न पाहताही मजुरी चढते, तेही सांगितलं पाहिजे. दसऱ्याच्या आसपास निफाड-दिंडोरीला द्राक्षाच्या छाटण्या सुरू होतात आणि पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या उतरतात. छाटणी, विरळणी, डिपिंग, सगळं एकरावर उक्तं. घाई बागायतदाराला असते, कारण घड थांबत नाहीत. टोळीचा मुकादम दुसऱ्या बागेचा भाव सांगतो आणि वाढवून घेतो. मनरेगाचा रोज २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होता; त्या दिवसांत तो कोणी विचारतही नव्हतं. हंगाम संपला की पुन्हा सगळं जमिनीवर. एमआयडीसीतल्या हेल्परला असा हंगाम कधीच येत नाही. गेटबाहेर दुसरा उभाच असतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच तरतुदींबद्दल माझं मत चांगलं नाही. निरीक्षक आता 'निरीक्षक-सह-सुविधाकार' झाला आहे, आणि पहिल्या चुकीला आधी सुधारण्याची संधी द्यायची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचाच आहे असं त्यावर सांगितलं जातं. आमच्याकडे येणाऱ्या किती पत्रकांत तो सिंगल लावलेला असतो ते मला विचारा. पण वेतन संहितेत दोन गोष्टी कामाच्या आहेत. किमान वेतन आता अनुसूचीतल्याच नव्हे, सगळ्या कामांना लागू आहे. आणि कमी मिळालेल्या वेतनाचा दावा पूर्वी सहा महिन्यांत करावा लागे, त्याला आता तीन वर्षांची मुदत आहे.

म्हणून ठेकेदाराकडे काम करणाऱ्या वाचकाला, किंवा ज्यांच्या घरातलं कोणी तसं काम करतं त्यांना, सांगते. मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडा. कोणत्याही एका महिन्याचा कामगाराचा हिस्सा घ्या, त्याला १२ ने भागा आणि १०० ने गुणा. ठेकेदाराने तुमचा पगार किती दाखवला तो आकडा हाच. त्याला तुमच्या कामाच्या रोजच्या किमान दराने भागलं की दाखवलेले दिवस निघतील. ते तुमच्या खऱ्या हजेरीपेक्षा कमी असतील तर गेटवरच्या नोंदीची मागणी लेखी करा, पगारपत्रक मागा, आणि दोन्ही घेऊन कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जा. ठेकेदाराने पूर्ण वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. एकट्याने जाऊ नका, चार जण मिळून जा.